नुसतं कौतुक म्हणून काही नसतं

विमान सुंदर आहे. हे सुरुवातीलाच मान्य करून टाकते, म्हणजे 'काकूंना विमानातलं काय कळतंय' हा मुद्दा लगेच निकालात निघेल. अमेरिकेचं बी-१ बॉम्बर, पूर्ण नाव बी-१बी लान्सर. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळूरच्या येलहंका तळावर एअरो इंडिया प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ते उडालं, सोबतीला आपलं तेजस. १९४५ नंतर अमेरिकेचं बॉम्बर भारताच्या भूमीवर उतरलं ते तेव्हाच. २०२३च्या प्रदर्शनाला तर दोन आली. आमच्या बेळगावातून बंगळूरला शिकायला, नोकरीला गेलेली मुलं भरपूर. त्यांनी व्हिडिओ पाठवले आणि घराघरांतून एकच गजर सुरू झाला: काय विमान आहे!

आहेच तसं. नाकापासून शेपटीपर्यंत ४४ मीटर लांब, तरी कुठे जाड वाटत नाही. पंख हलतात. उतरताना, उडताना ते पसरलेले असतात. वेग घ्यायचा असला की मागे मिटतात, घार झेप घेताना मिटते तसे. चार इंजिनं, चार माणसं, उंचावर ध्वनीच्या सव्वापट वेग. पोटात ३४ टन बॉम्ब मावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर उसानं भरलेले दोन दहाचाकी ट्रक एका विमानाच्या पोटात.

माझं भांडण विमानाशी नाही. लोखंडाशी काय भांडायचं? माझं भांडण आहे ते कौतुकाशी, आणि कौतुकानंतर आपल्या बैठकीच्या खोलीत रंगणाऱ्या त्या वादाशी.

तो वाद तुमच्याही घरी झाला असेल. आमच्याकडे एका रविवारी जमलेल्या मंडळींत दोन तट पडले. एक तट अमेरिकेच्या बी-१चा, दुसरा रशियाच्या टीयू-१६०चा. रशियाचं विमान मोठं आणि वेगवान, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं. अमेरिकेचं दिसायला देखणं. मग किमती निघाल्या. मग 'भारतानं घ्यावं का' हा प्रश्न निघाला. २०२२ मध्ये टीयू-१६०बद्दल तशी चर्चा बातम्यांत फिरत होतीच. तासभर वाद चालला. वेग, वजन, पल्ला, किंमत, सगळ्यावर बोलून झालं. हे विमान आजवर कुणावर चालवलं गेलं, हे मात्र त्या तासाभरात एकानंही विचारलं नाही. मी विचारलं, तर माझे मोठे दीर म्हणाले, "वैनी, तुम्ही लगेच धर्मावर येता. नुसतं इंजिनिअरिंग बघा की."

ठीक आहे. इंजिनिअरिंगच बघू.

पंख मिटतात कशासाठी? शत्रूच्या रडारला चुकवत, जमिनीला जवळजवळ घासत, प्रचंड वेगानं आत घुसता यावं म्हणून. नाकाजवळ दोन बाजूंना मिशांसारखे दोन छोटे पंख आहेत, ते कशासाठी? जमिनीलगतच्या हवेत विमान हादरतं, त्याचा त्रास आतल्या माणसांना कमी व्हावा म्हणून. बघा, काय बारीक विचार! बॉम्ब टाकणाऱ्याला धक्का बसू नये याची तजवीज यंत्राच्या नाकावर करून ठेवलेली आहे. त्या विमानाची एकेक गोलाई, एकेक सांधा, सगळं एका कामासाठी घडलेलं आहे. सुरीची धार बघायची आणि ती कापण्यासाठी आहे हे बघायचं नाही, याला इंजिनिअरिंग बघणं म्हणत नाहीत. अर्धंच इंजिनिअरिंग झालं ते. संपूर्ण बघायचं तर खाली पडल्यावर काय होतं तिथपर्यंत बघावं लागेल.

तर तिथपर्यंत जाऊ.

हे विमान मुळात अणुबॉम्बसाठी जन्माला आलं. पहिला नमुना डिसेंबर १९७४ मध्ये उडाला. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी उत्पादन रद्द केलं, १९८१ मध्ये रेगन यांनी ते पुन्हा सुरू केलं, आणि १९८८ पर्यंत १०० विमानं तयार झाली. ज्या सोव्हिएत देशाच्या धास्तीनं ती बांधली, तो देश तीन वर्षांत विरून गेला. पुढे त्यांच्याकडून अणुबॉम्बचं काम काढून घेतलं. आता इथे थांबून विचार करा. ज्याच्यासाठी बांधलं तो शत्रू उरला नाही, ज्या कामासाठी बांधलं ते काम उरलं नाही. घरातली एखादी वस्तू अशी निरुपयोगी झाली तर आपण काय करतो? माळ्यावर टाकतो. पण एकेका विमानाला २८ कोटी डॉलरच्या आसपास पैसे ओतलेले असले की ते माळ्यावर टाकवत नाही. काम शोधलं जातं. डिसेंबर १९९८ मध्ये इराकवर पहिल्यांदा बॉम्ब टाकले. मग कोसोव्होच्या युद्धात. मग २००१ पासून अफगाणिस्तानात. तिथल्या पहिल्या सहा महिन्यांत अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या विमानांनी जेवढ्या वजनाचे बॉम्ब टाकले, त्यातले जवळजवळ ४० टक्के एकट्या बी-१ विमानांनी टाकले. किती विमानांनी? आठ.

आणि गंमत बघा. गंमत हा शब्द इथे वाईट दिसतो, पण दुसरा सुचत नाही. आपली मुलं ज्या वेगावर जीव टाकतात, तो वेग अफगाणिस्तानात फारसा लागलाच नाही. तिथे या विमानाचा उपयोग झाला तो तासन् तास उंचावर घिरट्या घालत राहण्यासाठी आणि पोटात भरपूर बॉम्ब मावतात म्हणून. खालच्यांकडे ना लढाऊ विमानं, ना एवढ्या उंचीवर पोचणारी शस्त्रं. कुणाला चुकवायचंच नव्हतं, मग धावायचं कशाला?

४ मे २००९. फराह प्रांतातलं ग्रनई नावाचं खेडं. जवळपास तालिबानशी दिवसभर लढाई झालेली. संध्याकाळ उलटली. लढाईला भिऊन बायका आणि मुलं काही घरांत एकत्र जमली होती, जशी आपल्याकडे पूर आला की उंचावरच्या घरात जमतात. रात्री बी-१ विमानानं बॉम्ब टाकले. किती मेले यावर वाद झाला. अफगाण सरकारनं १४० नागरिकांची यादी केली. अमेरिकी लष्कराच्या चौकशीनं आकडा बराच कमी धरला, पण बॉम्ब टाकताना ठरलेले नियम पाळले गेले नव्हते हे त्यांनाही मान्य करावं लागलं. सरकारी यादीतले १४० पैकी ९३ जण अठरा वर्षांखालचे होते. सगळ्यात लहान जीव आठ दिवसांचा.

आठ दिवस. आपल्याकडे आठव्या दिवशी बाळाचं बारसंही झालेलं नसतं. बाळंतिणीला शेक-शेगडी चालू असते, बाहेरचं कुणी आलं तर हातपाय धुतल्याशिवाय बाळाजवळ सोडत नाहीत. आकड्यांचा वाद अजून कुणाला घालायचा असेल तर घालू दे. मला त्या यादीतलं एकच वय पुरेसं आहे.

यावर कुणी म्हणेल, चूक कुणाच्याही हातून होते. खरं आहे. मग आणखी एक चूक ऐका. जून २०१४ मध्ये अफगाणिस्तानातल्या झाबुल प्रांतात याच जातीच्या विमानानं स्वतःच्याच पाच अमेरिकी सैनिकांना आणि एका अफगाण सैनिकाला ठार केलं. 'आम्ही तुमचेच' हे वरून कळावं म्हणून सैनिकांच्या अंगावर साध्या डोळ्याला न दिसणारे लुकलुकणारे दिवे होते. विमानाच्या दुर्बिणीला ते दिवे दिसत नव्हते, आणि दिसत नाहीत हे विमानातल्यांना ठाऊक नव्हतं. एवढं महाग यंत्र, आणि खाली आपला कोण हे त्याला ओळखता येईना. ज्याला आपला सैनिक दिसत नाही, त्याला परकं बाळ कुठून दिसणार?

१९८७ची एक गोष्टही सांगून ठेवते. त्या सप्टेंबरात अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात सरावासाठी खालून उडणाऱ्या बी-१ला एक पेलिकन धडकला. एक पक्षी. तेलाच्या नळ्या तुटल्या, आग लागली, विमान कोसळलं. सहातले तीन वाचले, तीन मेले. त्या तिघांच्याही आया असतील, त्यांच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. पण 'अजिंक्य' वगैरे शब्द वापरणाऱ्या मुलांनी तो पेलिकन लक्षात ठेवावा.

रशियाच्या बाजूनं बोलणारे इतका वेळ खूश झाले असतील. त्यांचीही पाळी आहे. टीयू-१६०ला रशियात लाडानं 'पांढरा हंस' म्हणतात. हंस! आपल्याकडे हंस म्हणजे दूध आणि पाणी वेगळं करणारा. बॉम्ब वाहणाऱ्या यंत्राला ते नाव देताना कुणाची जीभ कशी अडखळली नाही? आणि या हंसांची कथा तर शिकवण्यासारखी आहे. सोव्हिएत देश फुटला तेव्हा १९ टीयू-१६० विमानं युक्रेनच्या वाट्याला आली. बरीचशी मोडीत काढली गेली. आठ विमानं मात्र १९९९-२००० मध्ये युक्रेननं रशियाला देऊन टाकली. का? रशियाकडून घेतलेल्या गॅसचं बिल थकलं होतं, त्यापोटी. २०२२ पासून रशियाच्या टीयू-१६० ताफ्यातून युक्रेनच्याच शहरांवर क्षेपणास्त्रं सुटताहेत. उधारी फेडायला शस्त्र दिलं, आणि ते शस्त्र फिरून दाराशी आलं.

आपल्यापैकी ज्यांनी रत्नकरंड श्रावकाचार ऐकला आहे त्यांना अनर्थदंडातलं 'हिंसादान' आठवत असेल. तलवार, कुऱ्हाड, अग्नी, हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. पंडितजी वाचतात तेव्हा आपल्याला वाटतं, हे जुन्या काळचं, शेजारणीला कोयता देऊ नका इतकंच. युक्रेनच्या त्या आठ विमानांकडे बघा आणि सांगा, किती जुनं आहे ते. त्याच यादीत 'दुःश्रुति'ही आहे: मन बिघडवणारं, हिंसेची गोडी लावणारं ऐकत बसणं. त्या काळी व्हिडिओ नव्हते एवढंच.

आणि खरा मुद्दा त्याच्याही पुढे आहे. आपण सगळ्या जपमाळ ओढतो. तिचे मणी १०८ का, हे लहानपणी शिकवलेलं आहे. मन, वचन, काया, करणं, करवणं, करणाऱ्याला अनुमोदन देणं, त्याला ठरवणं, तयारी करणं, सुरू करणं या तीन पायऱ्या आणि चार कषाय, गुणाकार १०८. म्हणजे पापाच्या हिशेबात 'वा, छान केलंस' म्हणणाऱ्याचा मणी करणाऱ्याच्या मण्याएवढाच. आपण पाणी गाळून पितो. दिवे लागायच्या आत जेवण उरकतो. पावसाळ्यात पालेभाजी निवडताना एकेक पान उलटून बघतो, अळी सापडली तर बागेत नेऊन सोडतो. आणि मग त्याच हातांनी, बॉम्ब फुटतानाच्या व्हिडिओखाली टाळ्यांचं चित्र टाकून पुढे पाठवतो. नुसतं कौतुक म्हणून काही नसतं, बायांनो. कौतुक हा मणी आहे, माळेत मोजला जाणारा.

आता सगळ्यात जड आक्षेप. "मग देशाचं रक्षण करायचं नाही का? अहिंसा अहिंसा करून दुबळं व्हायचं?"

हा प्रश्न मला बेळगावात विचारतात याचंच नवल वाटतं. आमच्या किल्ल्यात जाऊन बघा. १२०४ मध्ये रट्टांच्या राजवटीत मंत्री बीचिराजानं बांधलेली कमलबस्ती कुठे उभी आहे? किल्ल्याच्या आत. तट बाहेर, तीर्थंकर आत. तट नको असं ती बस्ती म्हणत नाही. याच गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाची शाळा आहे. इथे कवायतीच्या आवाजानं सकाळ होते. सैनिकाच्या घरची बाई आमच्या महिला मंडळात शेजारी बसते आणि तिच्या जागरणाची आम्हाला किंमत आहे. श्रावकाला विरोधी हिंसा, म्हणजे अंगावर आलेल्याला अडवताना होणारी हिंसा, टळत नाही हे आपल्या आचार्यांनीच सांगून ठेवलंय. त्यांनी सोडायला सांगितली ती संकल्पी हिंसा, मनात ठरवून केलेली.

तट म्हणजे रक्षण. हजारो मैल उडून दुसऱ्याच्या गावावर रिकामं होणारं पोट म्हणजे तट नव्हे. कुणी म्हणेल, ही विमानं होती म्हणूनच मोठं युद्ध झालं नाही, धाक राहिला. असेल. तो धाक बरोबरीच्या शत्रूला होता, आणि बरोबरीच्या शत्रूवर हे विमान कधी गेलंच नाही. गेलं ते ग्रनईवर. धाकाचं पुण्य मोजायचं असेल तर त्याच वहीत तो आठ दिवसांचा जीवही मांडावा लागेल.

आणि शौर्याचंच कौतुक करायचं तर आपल्याकडे माप आहे. श्रवणबेळगोळला ५७ फुटांचा बाहुबली उभा केला तो चामुंडरायानं, इसवी सन ९८१च्या सुमारास. चामुंडराय कोण होता? गंगांचा मंत्री आणि सेनापती. लढाया जिंकलेला माणूस. त्यानं डोंगर कोरून मूर्ती कुणाची केली? भरत आणि बाहुबली समोरासमोर आले तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं, सैन्य कशाला मारता, तुम्ही दोघंच लढा. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध झालं. तिन्ही जिंकून बाहुबली जिंकलेल्या राज्याकडे पाठ फिरवून निघून गेला. सेनापतीला कौतुक वाटलं ते त्याचं. सेनापतीचं कौतुक कुठे जातं आणि आपल्या बैठकीतल्या मंडळींचं कुठे जातं, ते ताडून बघा.

हे फक्त आपलं सोवळं आहे असंही समजू नका. त्याच अमेरिकेत, हे विमान कागदावर होतं तेव्हापासून, क्वेकर या शांततावादी पंथाच्या लोकांनी दुसऱ्या धार्मिक संघटनांना सोबत घेऊन 'बी-१ थांबवा' ही मोहीम गावोगाव चालवली. १९७७ मध्ये उत्पादन रद्द झालं त्यात त्यांचाही वाटा होता. चार वर्षांनी निर्णय फिरला, ते हरले. पण प्रश्न विचारायचा राहिला असं तिथे कुणाला म्हणता येणार नाही. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हिशेब मांडला होता: एका आधुनिक बॉम्बरच्या किमतीत तीसहून जास्त शहरांत एकेक पक्की शाळा होते. हा माणूस दुसऱ्या महायुद्धातला सरसेनापती होता. त्याला कुणी भित्रा म्हणालं नाही. मी तेच म्हटलं की मात्र 'वैनी धर्मावर आल्या'.

इतकं लिहायचं कारण विमानांच्या शर्यतीत कोण जिंकतं हे नाही. कारण आपली मुलं आहेत. बेळगावपासून जवळ हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारी वसाहत आहे. आपल्या ओळखीतली कितीतरी मुलं मेकॅनिकल करून तिथे, बंगळूरला, हैदराबादला याच धंद्यात जातात. चांगला धंदा आहे, प्रवासी विमानांचे भागही तिथूनच बनतात, मी कुणाला नोकरी सोड म्हणत नाही. पण उद्या कधीतरी त्यांच्यापुढे नकाशा येईल आणि हा भाग कुठल्या यंत्रात बसणार हे विचारायचं की नाही, हे त्यांना ठरवावं लागेल. तो प्रश्न विचारायची सवय त्या दिवशी अचानक लागणार नाही. ती आता, बैठकीच्या खोलीत, व्हिडिओ बघतानाच लागायला हवी.

म्हणून मोबाइल हिसकावू नका. 'बघू नको' म्हटलं की पोरं जास्त बघतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं. शेजारी बसा आणि बघा. पंख कसे मिटतात ते त्याला समजावून सांगू दे, नीट ऐका, त्याला खरंच पुष्कळ माहिती असते. त्याचं सांगून झालं की शांतपणे विचारा: बाळा, हे कुठे कुठे गेलं होतं? तिथे खाली कोण होतं? त्याला माहीत नसेल तर म्हणा, शोधून काढ, मला सांग. आणि तो सांगेपर्यंत ताट वाढायची घाई करू नका.